कलिन्याला कोण जाणार?

नगरपरिषदेच्या आस्थापना विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढलेल्या माणसाला कागदांचे स्वभाव ओळखता येतात. वेतननिश्चितीचा कागद भांडखोर असतो, बदलीचा कागद घाईत असतो, आणि प्रशिक्षणाचे पत्र सहसा निरुपद्रवी असते. लेखा विभागातील कोणाला तीन दिवस विभागीय ठिकाणी पाठवायचे, संगणक प्रणाली शिकायला एखाद्या लिपिकाने आठवडाभर जायचे, अशा पत्रांवर टिप्पणी लिहिली की मुख्याधिकारी साहेबांची सही त्याच दिवशी होत असे. याला अपवाद एकाच विभागाचा होता. अग्निशमन कर्मचाऱ्याला प्रशिक्षणासाठी पाठवण्याचा विषय निघाला की फाइल टेबलावर थांबायची, आणि थांबवणारे कोणी वाईट नसायचे. साहेब नेमका एकच प्रश्न विचारायचे, ‘तो कलिन्याला गेला तर इथे गाडीवर कोण?’ मी टिप्पणीत कितीही समर्पक वाक्ये लिहिली तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे.

कलिना म्हणजे मुंबईतील सांताक्रूझ पूर्वेचा भाग. महाराष्ट्र अग्निशमन सेवेची अकादमी तिथे आहे आणि फायरमनचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम तिथला. आमचे गाव मराठवाड्यातले, नगरपरिषद क वर्गाची, म्हणजे चाळीस हजारांच्या आतल्या वस्तीची. अग्निशमन विभाग म्हणजे जलकुंभाशेजारची एक शेड, एक बंब, एक चालक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे, ज्यांतली काही कायम, काही रोजंदारीवर आणि काही ठेकेदाराकडून आलेली. तीन पाळ्या भरायच्या, साप्ताहिक सुट्ट्या द्यायच्या, कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या घरी आजारपण, आणि या सगळ्यातून रात्री दोन वाजता फोन आला तर गाडीवर निदान तिघे असले पाहिजेत: एक चाकावर, एक पंपाशी आणि एक पुढे ब्रँच, म्हणजे पाण्याच्या नळीचे तोंड, धरणारा. प्रत्यक्षात चालकच गाडी उभी करून मागे पंपाशी धावतो, त्यामुळे तिघांचे काम दोघांवर येते. अशा ठिकाणाहून एक माणूस सहा महिन्यांसाठी कार्यमुक्त करणे म्हणजे एका पाळीचा निम्मा भाग उचलून मुंबईला पाठवणे. मोठ्या महानगरपालिकेच्या दलातून वीस-पंचवीस जण एकदम वर्गावर गेले तरी नागरिकांना पत्ता लागत नाही. लहान गावात एकजण गेला की हजेरीपट ओरडू लागतो.

ही अडचण एखाद्या अधिकाऱ्याच्या उदासीनतेतून आलेली नाही, ती रचनेत आहे. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि तिच्यातील अठरा विषयांत अग्निशमन सेवेचा समावेश झाला. महाराष्ट्रात हे काम त्याआधीपासूनच स्थानिक संस्थांचे होते. मुंबईचे दल तर 1887 पासून महापालिकेकडे आहे. राज्याचे अग्निशमन संचालनालय आहे, 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे आणि तो 2008 च्या डिसेंबरपासून अमलात आहे. परंतु गाडीवरचा फायरमन राज्याचा नोकर नसतो, तो आपापल्या नगरपरिषदेचा किंवा महानगरपालिकेचा असतो. शेजारच्या गोव्यात अग्निशमन हे राज्य शासनाचे स्वतंत्र संचालनालय आहे. केरळातही तो राज्याचा विभाग असून त्याची अकादमी त्रिशूरजवळ विय्यूरला आहे. तिथे माणूस आधी राज्याच्या सेवेत येतो, राज्यच त्याला शिकवते आणि मग केंद्रावर पाठवते. तो काणकोणला जाणार की पेडण्याला, हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे माणूस आधी गावाच्या गाडीवर चढतो आणि त्याला शिकवायचे की नाही, कधी आणि कोणाच्या पैशाने, हे प्रत्येक गाव आपल्या कुवतीप्रमाणे ठरवते. एकोणतीस महानगरपालिका, दोनशेहून अधिक नगरपरिषदा आणि शंभराहून अधिक नगरपंचायती असलेल्या राज्यात या कुवतीत किती अंतर असेल, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. नगरपरिषदांच्या अधिकाऱ्यांसाठी आता राज्य संवर्ग आहे आणि 2023 च्या भरतीत त्यात अग्निशमन सेवेची पदेही होती. त्याने बंबामागचा अधिकारी सुधारेल. बंबावरचा माणूस अजून गावाचाच आहे.

सहा महिन्यांत तिथे शिकवतात तरी काय, असे आमचे एक सदस्य सभेत विचारत असत, आणि ‘पाणीच तर मारायचे असते’ ही त्यांची पुस्ती ठरलेली असे. पाठ्यक्रम पुरा करून आलेल्यांकडून मी जे ऐकले आहे, त्यावरून या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. पहिले आठवडे कवायतीचे: गुंडाळलेला होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, एका झटक्यात उलगडणे, जोडणे, भरलेला होज खांद्यावर घेऊन शिडी चढणे, बेशुद्ध माणसाला पाठीवर टाकून उतरवणे. मग पंप, सक्शन, विहिरीतून किंवा टाकीतून पाणी उचलताना हवा राहिली तर पंप का ओढत नाही, ब्रँचवर किती दाब दिला तर धरणारा फेकला जाईल. मग दोरखंडाच्या गाठी, फोम, विजेची आग, रसायने आणि शेवटी धूर. धुराचे शिक्षण सर्वांत महत्त्वाचे आणि तेच गावात सर्वांत दुर्मीळ. पाठीवर घ्यायचा श्वसनसंच, ज्याला सगळे बी. ए. सेट म्हणतात, त्याच्या सिलिंडरमध्ये साधारण तीनशे बार दाबाने हवा भरलेली असते. कागदावर ती पाऊण तास पुरते, पण भरलेला होज ओढत, घाबरलेल्या माणसाला शोधत जाताना श्वास दुप्पट होतो आणि वेळ निम्मी होते. दाब पन्नास-पंचावन्न बारपर्यंत उतरला की शिटी वाजते. तथापि, शिटी वाजल्यावर परत फिरायचे हा गैरसमज आहे. शिटी वाजेल तेव्हा माणूस बाहेर असला पाहिजे, आणि त्यासाठी आत जाण्याआधी प्रत्येकाचा दाब व वेळ फलकावर लिहून बाहेर एकाने घड्याळ धरून उभे राहायचे असते. ही शिस्त पुस्तक वाचून येत नाही. काळ्या धुराच्या खोलीत, हात भिंतीला लावून, आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत वारंवार फिरल्याशिवाय शरीर तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

आमच्या शेडमध्ये असे दोन संच कोण्या योजनेतून आले होते. ते पेटीत होते, पेटी कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली भांडारपालाकडे होती. लेखापरीक्षणात ते साठानोंदवहीशी तंतोतंत जुळत.

गावाच्या आगी साध्या असतात, असा एक समज मुंबई-पुण्याकडच्या लोकांत आढळतो. आमच्याकडे जिनिंग, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे कारखाने, आहेत. कापसाची गाठ पेटली की वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. दाबून बांधलेल्या कापसात पाणी खोलवर शिरत नाही, म्हणून गाठी बाहेर ओढून, पट्ट्या तोडून, उकलून भिजवाव्या लागतात, आणि हे काम कधी कधी दोन-तीन दिवस चालते. आमचे चालक, ज्यांना सगळे गाव मामा म्हणत असे, हे अनुभवाने शिकले होते आणि जिनिंगच्या आगीत त्यांच्याइतका जाणता माणूस मी नंतर पाहिला नाही. परंतु अनुभव ज्या आगीतून आला तेवढीच आग तो शिकवतो. तालुक्यातल्या साखर कारखान्याला जोडून आसवनी, म्हणजे अल्कोहोल तयार करणारा कारखाना, झाली, तेव्हा अल्कोहोलच्या आगीवर साधा फोम टिकत नाही, त्याचे बुडबुडे अल्कोहोल खाऊन टाकते आणि त्यासाठी वेगळा, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो, ही माहिती मामांच्या तीस वर्षांत कुठून येणार होती? आणि आग नसलेले कॉल वेगळेच. उन्हाळ्यात जुनी विहीर उपसायला एकजण उतरतो, तळाशी प्राणवायू कमी असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो, तो निपचित पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी. एकामागून एक जीव जाण्याच्या अशा बातम्या दर काही महिन्यांनी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून येतात. तिथे बंब पोहोचतो तेव्हा काठावरची माणसे फायरमनकडे पाहतात आणि अप्रशिक्षित फायरमन तोंडाला ओला रुमाल बांधून उतरायला निघतो. ओला रुमाल कणांना थोडा अडवतो, पण हवेत नसलेला प्राणवायू तो निर्माण करू शकत नाही. संच कपाटात असतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. सतरांपैकी सात वाचवता आली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षात अकरा रुग्णांचा अंत झाला. या घटनांची कारणे विजेच्या जोडण्यांपासून इमारतीच्या परवानग्यांपर्यंत पसरलेली होती आणि त्यांचा सगळा भार अग्निशमनाच्या प्रशिक्षणावर टाकणे अन्यायाचे होईल. मी त्यांचा उल्लेख दुसऱ्याच कारणाने करतो आहे. प्राणवायूच्या नळ्या असलेल्या बंद कक्षातील धूर, ही परिस्थिती आता फक्त महानगरांची राहिलेली नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी अतिदक्षता कक्ष आले, लिफ्ट असलेल्या इमारती आल्या, गॅसवाहिन्या आल्या. या गोष्टी आल्या त्या वेगाने तिथल्या आगी विझवण्याचे ज्ञान कलिन्याहून खाली आलेले नाही.

उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर हे लिखाण प्रशिक्षणाचे स्तोत्र होईल. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या कापूस आणि स्फोटके एकत्र लादलेल्या जहाजाच्या स्फोटात सहासष्ट अग्निशामक मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात लागलेल्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी आपण गमावले, ज्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. या चौघांहून अधिक शिकलेले, अधिक कसलेले लोक राज्यात क्वचितच सापडले असते. शिक्षण म्हणजे कवच नव्हे. पण जुन्या इमारतीच्या आत जायचे की नाही हा निर्णय घेताना कसलेला माणूसही चुकू शकतो, तर ज्याने तो निर्णय घ्यायला कधी शिकलेच नाही, त्याच्या हाती काय उरते? आमच्या गावी या सप्ताहात शाळेच्या मैदानावर टायर पेटवून विझवून दाखवत असत. मुले टाळ्या वाजवत, आणि वर्षभरातला विभागाचा सराव बहुतेक तेवढाच असे.

आता त्या फाइलीकडे परत येतो, कारण तिच्यात एक अधिक कठीण गुंता आहे. फायरमनच्या भरतीच्या जाहिराती गेली अनेक वर्षे साधारण एका साच्याच्या असतात: दहावी उत्तीर्ण, उंची 165 सेंटिमीटर, वजन 50 किलो, छाती 81 आणि फुगवून पाच अधिक, आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम पूर्ण. ही शेवटची अट योग्यच आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की प्रशिक्षण हे नोकरीतल्या माणसाला नोकरीने द्यायची गोष्ट न राहता, नोकरी मागणाऱ्याने स्वतः शुल्क भरून आधीच मिळवायची पात्रता झाले. ज्याच्या घरी सहा महिने मुंबईत काढण्याइतके पैसे आहेत, जो वयाच्या अटीत बसतो आणि ज्याला प्रवेश मिळतो, तो प्रमाणपत्र घेऊन येतो. आणि जो ठेकेदाराच्या यादीवर आठ-दहा वर्षे बंबावर आहे, ज्याने गावातल्या आगी स्वतः विझवल्या आहेत, तो कायम होऊ शकत नाही, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र आणायला तो जाऊ शकत नाही, कारण सहा महिने गैरहजर राहिला तर ठेकेदाराची यादी त्याच्याशिवाय पुढे जाते. वयाची अट तोवर ओलांडलेली असते. गावात ज्याच्या हातात ब्रँच आहे, त्याच्याच हातात प्रमाणपत्र येण्याची शक्यता सर्वांत कमी, अशी ही व्यवस्था झाली आहे.

या पोकळीत दुकाने उघडली, यात नवल नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्थानकाजवळ ‘फायर अँड सेफ्टी’ पदविकेचे फलक सगळ्यांनी पाहिले असतील. काही ठिकाणी शिकवणे बरेही असेल, खासगी कारखान्यांत त्यातून नोकऱ्याही मिळतात. पण नगरपरिषदेच्या भरतीत ते प्रमाणपत्र पुढे केले की छाननीत अर्ज बाद होतो. असे अर्ज मीच बाजूला काढत असे. शेतीचा तुकडा गहाण टाकून मुलाला पदविका दिलेला बाप खिडकीशी येऊन ‘साहेब, ह्याच्यावर पण फायरच लिहिलंय ना?’ असे विचारी, तेव्हा नियम वाचून दाखवण्यापलीकडे काही करता येत नसे.

देशाचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तर महाराष्ट्रातच आहे. 1956 मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूरला सुरू होऊन पुढच्याच वर्षी ते नागपूरला आले, आणि तिथून देशभरातल्या दलांचे अधिकारी घडले. 2002 मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथे प्रवेश घेणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, ज्याचे त्या काळी आम्हा कार्यालयीन लोकांनाही मोठे अप्रूप वाटले होते. पण ते महाविद्यालय साऱ्या देशाचे आणि मुख्यतः अधिकाऱ्यांचे आहे. नागपूरला असे महाविद्यालय आहे म्हणून गडचिरोलीच्या नगरपरिषदेतील विमोचकाला, म्हणजे फायरमनला, पंप शिकायला जवळ पडते, असे होत नाही. त्याला सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमासाठी सुमारे हजार किलोमीटरवरची मुंबईच दिसते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. तिथल्या राज्य विद्यापीठाशी जोडलेली अग्निशमन संस्था 1925 पासून शिकवते आहे. तिचे मोठे सरावमैदान एका गावी आहे, पण तिचे प्रशिक्षक साहित्य घेऊन राज्यभरच्या लहान केंद्रांवरही जातात. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अग्निशामक पगारी नसून स्वयंसेवक आहेत. दिवसा शेती किंवा दुकान पाहणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने राजधानीला बोलावता येणार नाही, हे गृहीत धरूनच वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आखले जातात. त्यांचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. पण आमच्या बंबावरच्या माणसाची अडचण त्या शेतकरी स्वयंसेवकासारखीच आहे: त्याला गाव सोडता येत नाही.

पैशाचेही आता अगदीच दुर्भिक्ष आहे, असे म्हणता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना आणली, आणि तिच्यात प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण हाही एक भाग आहे. माझी शंका एवढीच की, अशा योजनांतून इमारत आणि गाडी लवकर उभी राहते. गाडीला हार घालता येतो, नारळ फोडता येतो. कार्यमुक्त केलेल्या माणसाच्या जागी बसवलेल्या माणसाचा सहा महिन्यांचा पगार, हा खर्च कोणत्याही उद्‌घाटनात दिसत नाही.

आणि सगळे नेमके त्याच खर्चावर अडलेले आहे. भारतीय प्रशासन सेवेची संवर्गसंख्या ठरवताना रजा राखीव आणि प्रशिक्षण राखीव अशी पदे आधीच धरलेली असतात. प्रशिक्षण राखीव म्हणून वरिष्ठ पदांच्या साडेतीन टक्के. म्हणजे अधिकारी शिकायला गेला तर जिल्हा उघडा पडू नये, याची तजवीज कागदावर केलेली असते. आमच्या नगरपरिषदेच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, अग्निशमनाखाली मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे असे तीन रकाने होते. प्रशिक्षण राखीव हा रकाना मी तिथे कधी पाहिला नाही. एका लहान विभागात साडेतीन टक्के म्हणजे माणसाचा एखादा हातही होणार नाही, हे कळते. पण जिल्ह्यातल्या सर्व नगरपरिषदा एकत्र धरल्या तर दोन-तीन फिरती राखीव पदे सहज निघतील, आणि ज्या गावचा माणूस वर्गावर गेला त्या गावी ती माणसे जातील.

माझ्या निवृत्तीच्या थोडे आधी जवळच्या एका शहरातील स्थानक अधिकारी, आमच्या साहेबांच्या विनंतीवरून, दोन दिवस आमच्याकडे आले होते. कपाट उघडले गेले. नगरपरिषदेच्या जुन्या, खिडक्या बंद केलेल्या गोदामात ओला कडबा धुमसवून त्यांनी सगळ्यांना संच घालून आत फिरवले, बाहेर फळ्यावर खडूने दाब आणि वेळ लिहायला लावली. पन्नाशी ओलांडलेले मामा आधी नाही म्हणाले, मग सर्वांच्या शेवटी आत गेले आणि बाहेर आल्यावर मुखवटा काढून म्हणाले, ‘इतकी वर्षं आम्ही नुसतं बाहेरून पाणी फेकलं.’ त्या दोन दिवसांची सेवापुस्तकात नोंद घेता आली नाही, कारण नोंदीला प्रमाणपत्राची प्रत लागते आणि असे प्रमाणपत्र देण्याचा त्या अधिकाऱ्यांना अधिकार नव्हता.

हा अधिकार द्यावा, असे मला वाटते. होज, शिडी, गाठी, पंप आणि संचाची पहिली ओळख हे सर्व जिल्ह्याच्या ठिकाणी, अकादमीने नेमलेल्या प्रशिक्षकांकडून, पाळी सांभाळून तुकड्यातुकड्यांनी शिकवता येईल आणि प्रत्येक तुकड्याची रीतसर नोंद सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमात धरता येईल. जी साधने प्रत्येक जिल्ह्यात उभी करणे परवडणार नाही, उंच मनोरा, रसायनांची प्रात्यक्षिके, खरी धुराची खोली, त्यांच्यासाठी शेवटचा महिना-दीड महिना कलिन्याला जावे आणि परीक्षाही तिथेच व्हावी, म्हणजे दर्जा सैल होणार नाही. बंबावर असलेल्या कंत्राटी माणसासाठी वयाची अट तेवढी बाजूला ठेवावी लागेल. महिना-दीड महिन्यासाठी शेजारच्या नगरपरिषदेकडून माणूस उसना मिळतो; निवडणुकीच्या आणि यात्रेच्या काळात तसे आदेश निघतात आणि त्यांचे मसुदे मी स्वतः लिहिले आहेत. त्यांच्यावर सही व्हायला एक दिवसही लागत नसे.